बाणाशेजारचा आकडा

रक्त काढणारी बाई म्हणाली होती, आणि डेलिया हसली होती. नोव्हेंबरातली गोष्ट. तपासणीच्या त्या अरुंद खोलीतून एमेट बाही खाली ओढत कोट घ्यायला बाहेर गेला, ओपल डेलियाच्या कडेवर कुरकुरत होती, आणि योलांडा आर्चुलेता ही साठीला टेकलेली बाई रक्ताची नळी दिव्यासमोर धरून जरा जास्तच वेळ बघत राहिली. "पोरी, थांब जरा. तुझ्या नवऱ्याचं रक्त बघ कसं उतरलं. काकवीसारखं." डेलिया म्हणाली, "मैलभर उंचीवर राहतो ना आपण. डेन्व्हरमध्ये सगळ्यांचंच घट्ट असतं म्हणतात." "मला नको उंची शिकवूस. माझा पणजा इथे मेंढ्या राखायचा." "आणि तुमच्या कागदावर लाल बाण तर दर वेळी असतोच. तुमचा कॉम्प्युटर त्याला बाई समजतो, त्याला आम्ही काय करणार?" योलांडाने नळीला चिठ्ठी लावली, ती अंगठ्याने दोनदा दाबली. चिठ्ठीवर नावापुढच्या चौकोनात काय छापलंय ते तिला चार वर्षं दिसत होतं, आणि तिने एकदाही भुवई उचलली नव्हती. "बाण मला ठाऊक आहे गं," ती म्हणाली. "मी बाणाचं बोलतच नाहीये. मी रक्ताचं बोलतेय. कागद यायचा तेव्हा येईल, तू आधी त्याला कुणा डॉक्टरसमोर नेऊन बसव." "हो हो, नेते की," डेलिया म्हणाली, सासूला म्हणावं तशी, आणि गाडीत बसल्यावर एमेटला म्हणाली, "तुझं रक्त काकवी आहे म्हणे." "मग बाटलीत भर," तो म्हणाला, "रविवारी पॅनकेकवर घालू." पुढच्या सिग्नलपर्यंत दोघं हसत होते. मागे ओपलही, आपल्याला काहीतरी कळलंय अशी, हसत होती.

आणि आज, मार्चातल्या या गुरुवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, ओपलच्या झबल्याचं टिचबटण लागलं नव्हतं. एवढंच झालं होतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, बरं मग? एमेटने ओपलला स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवं निजवलं होतं, तिच्या पायांमधली तीन टिचबटणं तो रोज न बघता, बोलता बोलता, एका दमात लावायचा. टक, टक, टक. डेलिया ओट्याशी ओटमील ढवळत होती आणि तिला तिसरा टक ऐकू आला नाही. दुसराही नाही. तिने वळून बघितलं तर त्याचा डावा अंगठा बटणाच्या शेजारी, बोटभर अंतरावर, कापडावरच दाबत होता. पुन्हा उचलला, पुन्हा तिथेच दाबला. तो अंगठ्याकडे बघत होता, एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसा. लिफ्टचा मेकॅनिक, लिफ्ट वरखाली जाते त्या काळोख्या विहिरीत हात घालून कुठला स्क्रू ढिला आहे हे नुसत्या स्पर्शाने सांगणारा तो माणूस. "हात बधिरलाय," तो म्हणाला, आणि ते शब्द जरा ओले, जरा सांडल्यासारखे आले. डेलियाने तिकडे न बघता मायक्रोवेव्हवरचं घड्याळ बघितलं. हे तिला मुलगी झाल्यापासून लागलेलं होतं: ताप, रडणं, झोप, सगळ्याच्या सुरुवातीची वेळ बघून ठेवायची. सात दहा. मग त्याने हात झटकला, बोटं मुडपली, सरळ केली. सात चौदाला तिन्ही बटणं लागली. "बघितलंस? आला ठिकाणावर. कुशीवर झोपलो होतो ना." "आत्ता उठून तास झाला तुला." "मग हाताला उशिरा कळलं." त्याने ओपलच्या पोटावर तोंड ठेवून फुर्र केलं, डबा उचलला, डेलियाच्या कपाळावर ओठ टेकले आणि गेला. पोहोचलास की फोन कर, एवढंच ती म्हणाली. त्याचा ट्रक कोपऱ्यावर वळेपर्यंत ती खिडकीत उभी होती. चारच मिनिटं, ती स्वतःला म्हणत होती. पण चार मिनिटं म्हणजे थोडा वेळ आहे हे तिला कुणी सांगितलं होतं?

आता पावणेदहा होत होते आणि फोन आला नव्हता. त्यात विशेष काही नव्हतं, विहिरीत सिग्नल नसतो. ओपल जमिनीवर बसून भांड्यांची झाकणं एकमेकांवर आपटत होती. बाहेर बर्फ वितळत होतं, पन्हाळीतून थेंब पडत होते, आणि प्रत्येक थेंबाच्या आधी एक छोटी वाट बघण्याची जागा होती. डेलियाला ती जागा ऐकू येत होती. तिला वाटलं, आपण काही आठवत नाही आहोत, आठवणीच आपल्याला एकेक करून बोलावताहेत, शाळेत हजेरी घेतात तशा. एमेटचा चेहरा. किती लाल झाला होता हिवाळ्यापासून. ओमाहाहून तिची आई आली तेव्हा दारातच म्हणाली, "अगं, याच्या तोंडावर काय तेज आलंय! माझ्या लेकीच्या हातचं लागलेलं दिसतंय." आणि डेलियाला अभिमान वाटला होता. सात वर्षांपूर्वीचा तो फिकट, खांदे पाडून चालणारा मुलगा. आता दाढी, रुंद मान, आणि गालांवर हा रंग. तिने तो रंग मिरवला होता. मग अंघोळ. गरम पाण्याखालून तो बाहेर यायचा तो दंड खाजवतच, नखांचे पांढरे ओरखडे उमटेपर्यंत, आणि ती म्हणायची, इथली हवाच कोरडी, मलम लाव. मलमाच्या तीन डब्या संपल्या. मग ॲस्पिरिनची बाटली, जी पूर्वी वर्षभर पुरायची. "डोकं दुखतं का रे तुझं?" "तुझी आई गेली की थांबेल." घरात हसणं पुष्कळ होतं. हसण्याखाली काय काय झाकलं जातं हे तिला आत्ता, झाकणं आपटणाऱ्या मुलीकडे बघताना, दिसायला लागलं.

तिला तो पहिल्यांदा भेटला तोच मुळी आवाजाने. कॉलेजच्या ग्रंथालयातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आत ती एकटी, आणि दारांच्या तीन बोटं फटीतून कुणीतरी म्हणालं, "बाईसाहेब, घाबरू नका, ही म्हातारी रोजच रुसते." खरखरीत, मध्येच फाटणारा आवाज, जणू बोलणारा माणूस तो अजून घालून बघत होता. त्या आवाजाचं वय तेव्हा आठ महिने होतं. हे त्याने तिला पुढे दोन महिन्यांनी सांगितलं, एका बाकावर, तिच्याकडे न बघता: की तो जन्माला मुलगी म्हणून आला होता, त्याच्या आईने ठेवलेलं नाव वेगळं होतं, की तेविसाव्या वर्षापासून तो पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शनं घेतो आणि मरेपर्यंत घेणार. "आता पळायचं तर पळ," तो म्हणाला होता, "मी लिफ्ट बंद करणार नाही." ती पळाली नाही. तिने फक्त विचारलं, दुखतं का? आणि लग्नानंतर इंजेक्शनाच्या रविवारी सकाळी, कॉफीच्या आधी, ती स्वतःच त्याच्या मांडीत सुई घालायला लागली. बायका नवऱ्याची टाय बांधून देतात, तशी. ओपल झाली ती एका अनोळखी दात्यामुळे, डेलियाच्या पोटातून; पण पहिल्या दिवसापासून ती बापाचीच होती, त्याच्या दाढीत मूठ घालून झोपणारी. लिफ्टच्या कंपनीत यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. एमेटने तिच्याकडून एकच वचन घेतलं होतं. "तिथे नाही, डेलिया. तिथे मी नुसता एमेट आहे, दोरावर लोंबकळणारा. तिथे मला माझी गोष्ट नकोय." तिने वचन दिलं होतं, सहज. प्रेमात माणूस देतो तितक्या सहज.

आणि बाण. बाणाची गोष्ट तर त्यांच्या घरातली जुनी गंमत होती. विम्याच्या कागदात एमेटच्या नावापुढे अजून 'स्त्री' असं होतं. ते बदलायला एक फॉर्म, त्या फॉर्मला आणखी एक फॉर्म, मग कुणाची तरी सही, असं दोन वर्षं चाललं आणि शेवटी त्यांनी नाद सोडला. त्यामुळे रक्ताचा अहवाल यायचा तो बायकांच्या मोजमापाने. रक्तात लाल पेशी शेकडा किती, त्या ओळीपुढे दर वेळी वर तोंड केलेला लाल बाण. पहिल्यांदा तो बघितला तेव्हा डेलिया रडली होती. डॉक्टर व्हिटलॉक तेव्हा होत्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या, टेबलाखाली चपला काढून बसणाऱ्या. त्यांनी कागद तिच्याकडे फिरवला आणि बाणावर अंगठा ठेवला. "हे यंत्र त्याला बाई समजून घाबरतंय. तू घाबरू नकोस. पुरुषाला सेहेचाळीस म्हणजे काहीच नाही. या औषधाने लाल पेशी वाढतातच. मी लक्ष ठेवून आहे. पन्नाशीच्या पुढे गेला की मी बोलेन, चोपन्नला पोहोचला तर ओरडेन. तोवर बाणाकडे बघायचं नाही. कळलं?" कळलं. किती हलकं वाटलं होतं. आणि त्या खरोखरच बोलल्या होत्या, एकदा, आकडा एक्कावन्नवर गेला तेव्हा. पंधरवड्याचा मोठा डोस त्यांनी आठवड्याच्या दोन लहान वाटण्यांत मोडला. "एकदम घातलं की रक्त उसळतं, थोडं थोडं घाल." रोज पाणी किती पितो, घोरतो का, सिगारेट चोरून ओढतो का, सगळं विचारलं. तीन महिन्यांत आकडा खाली आला. बाण होताच, पण तो तर कायमचाच होता. "बाण आला का?" एमेट कामावरून फोन करून विचारायचा. "आला." "मग मी अजून बाई आहे. भांडी मी घासतो."

मग ते क्लिनिक बंद झालं. गेल्या उन्हाळ्यात एक पत्र आलं, दोन परिच्छेदांचं, आणि डॉक्टर व्हिटलॉक दुसऱ्या राज्यात निघून गेल्या. जाताना त्यांनी डेलियाला मिठी मारली होती, आणि डेलियाला आत्ता, स्वयंपाकघराच्या मधोमध उभी असताना, लख्ख आठवलं की त्या मिठीत तिला काहीतरी विचारायचं राहून गेलं होतं. ओपल तेव्हा दात येत होते म्हणून रडत होती. आता कोण ओरडणार, हे विचारायचं होतं. त्यानंतरचा डॉक्टर म्हणजे फोनच्या पडद्यावरचा एक तरुण, तीन महिन्यांतून दहा मिनिटं, मागे खोटी पुस्तकांची भिंत. औषधाची बाटली पार्सलने यायची. आणि एमेट रविवारी कंटाळायला लागला, मुलगी, उलट्या, कपडे. म्हणाला, पंधरा दिवसांतून एकदाच मोठा डोस घेतला तर? पूर्वी घ्यायचोच की. "बरं पडेल," डेलिया म्हणाली होती. तीच म्हणाली होती. घरातली सगळी कागदपत्रं, सगळे पासवर्ड, सगळ्या तारखा तिच्याकडे. ती शिकलेली, टिपणं काढणारी, ओपलच्या प्रत्येक लसीची खूण ठेवणारी. पडद्यावरच्या तरुणाचे निरोप तिच्याच मोबाइलवर यायचे. डिसेंबरात एक आला होता: लाल पेशींचं प्रमाण जास्त दिसतं, कृपया पुन्हा तपासणी करून भेटीची वेळ घ्या. तिने बाण बघितला, आणि मनात म्हणाली, अरे बाबा, तुलाही कळलं नाही का हे. फेब्रुवारीत दुसरा आला. त्या दिवशी ओपल पहिल्यांदा उभी राहिली होती. डेलियाने निरोप वाचला अशी खूण केली आणि विसरली. विसरली असंही नाही. तिने तो ओळखीच्या खणात ठेवून दिला, जिथे आपण ज्याची भीती संपली आहे ते ठेवतो.

तिने लॅपटॉप उघडला. चार वर्षांचे अहवाल एकाखाली एक लावले. प्रत्येक पानावर तोच बाण, तितकाच लाल, तितकाच उंच. सेहेचाळीसला जसा, तसाच. यंत्राला एकच ओरडणं येत होतं. मग तिने पडद्यावर अंगठा ठेवला, बाण झाकला, आणि फक्त शेजारचा आकडा वाचत खाली आली. सेहेचाळीस. एकोणपन्नास. एक्कावन्न. अठ्ठेचाळीस. इथे डॉक्टर व्हिटलॉक संपल्या. बावन्न. पंचावन्न. हा नोव्हेंबरातला, योलांडाचा. आणि जानेवारीच्या शेवटी एमेटने कामावरून परस्पर जाऊन तपासणीला दिलेलं रक्त: अठ्ठावन्न. अंगठ्याखाली पडदा गरम लागत होता. तिला वाटलं आपण ओरडू, पण तोंडातून फक्त ओपलचं नाव निघालं, आणि ओपलने झाकण आपटायचं थांबवून वर बघितलं. तो कधीच काही बोलला नव्हता, त्या अठ्ठावन्नाबद्दल. त्याने बघितला असेल का? तोही बाण बघून हसला असेल. की हसला नसेल? एकदा, फार पूर्वी, तो म्हणाला होता, "आकडा चढला की पहिलं काय करतात माहितेय? बाटली काढून घेतात. मग मी पुन्हा हळूहळू ती होणार, जिला मी ओळखत नाही." त्या दिवशी तो हसत नव्हता. त्याला ठाऊक असेल. डोकं दुखताना, खाजवताना, आज सकाळी अंगठ्याकडे बघताना त्याला ठाऊक असेल, आणि त्याने बाणाच्या गमतीमागे आपलं भय लपवलं असेल, जसं तिने आपला आळस लपवला. दोघं एकाच पडद्यामागे, एकमेकांना न दिसता, उभे होते.

फोन लावला. त्याचा आवाज म्हणाला, मी एमेट, मी बहुतेक खड्ड्यात आहे, निरोप ठेवा. पुन्हा लावला. मग विम्याच्या कार्डाच्या मागच्या नंबरावर नर्स मिळाली, वयस्कर, घाई नसलेली. डेलियाने सगळं सांगितलं, अंगठा, चार मिनिटं, सांडलेले शब्द, अठ्ठावन्न. पलीकडे कळफलकाचा आवाज थांबला. "बाळ, तो आत्ता कुठे आहे?" "कामावर." "हात परत आला म्हणजे संपलं असं नसतं. ती सूचना असते. रक्त इतकं दाट असताना गुठळी कधीही अडकू शकते. त्याला आत्ता, या घटकेला, इमर्जन्सीत न्यायला हवं. स्वतः गाडी चालवत नाही हं, ऐकलंस?" "त्याचं औषध बंद करतील का?" हा प्रश्न तिने का विचारला तिलाही कळलं नाही, तो एमेटच तिच्या तोंडून बोलला. "बहुतेकांचं नुसतं कमी करतात, रक्त काढून घेतात, लक्ष ठेवतात. त्याचं भांडण आपण नंतर भांडू. आधी माणूस शोध."

माणूस शोध. ट्रक एकच होता, तो त्याच्याकडे. तिने लिफ्टच्या कंपनीत फोन लावला. तिथली लॉर्ना, माणसांना कामावर पाठवणारी, डेलियाला नाताळच्या जेवणातून ओळखत होती. "अगं, तू! तुझा नवरा? साडेसातला कोर्टाजवळच्या इमारतीत हजेरी लावली, नऊ वाजता काम आटपलं म्हणून कळवलं. आज त्याच्याकडे तपासणीच्या आणखी नऊ इमारती आहेत, सगळ्या मध्यवस्तीतल्या. कुठल्या क्रमाने करायच्या ते तो ठरवतो. दुसरीकडे पोहोचल्याचं अजून कळवलं नाहीये." "नेहमी कळवतो?" "कळवतो की. विसरतोही. काय झालंय?" डेलियाने तोंड उघडलं आणि वचन तिच्या दातांमागे येऊन उभं राहिलं. "त्याला बरं नव्हतं सकाळी. रक्त जरा... घट्ट झालंय." "घट्ट? कशाने गं?" "उंचीवर राहतो ना आपण," डेलिया म्हणाली. आणि आपल्याच तोंडातून ते वाक्य दुसऱ्यांदा बाहेर पडलेलं ऐकून तिने डोळे मिटले. "हात्तिच्या!" लॉर्ना हसली. "मग माझंही घट्टच असणार. अगं, माणूस दमलाय, लहान पोर घरात. काही औषधबिषध घेतो का? म्हणजे मला लिहून ठेवावं लागतं, दोरावर चढणारी माणसं ही." "नाही," डेलिया म्हणाली. "तसं काही नाही." "मग झालं तर. रेडिओवरून बोलावते, आला विहिरीबाहेर की फोन करायला लावते. पाणी पी थोडं." फोन बंद झाला. ओपल रांगत येऊन तिच्या पायाला धरून उभी राहिली. डेलिया तिच्या टाळूकडे बघत होती. आत्ताच आपण काय केलं? आपण त्याची गोष्ट वाचवली. माणूस?

नऊशे अकरा, तातडीच्या मदतीचा नंबर, लावायला तिला एवढा वेळ का लागला, हे पुढे ती कितीतरी दिवस कुणाला सांगू शकणार नव्हती. "काय अडचण आहे?" तरुण, स्वच्छ आवाज. तिने या वेळी सगळं सांगितलं. थांबली नाही. कुठलं औषध, किती, कशासाठी, कधीपासून. विम्याच्या कागदात काय लिहिलंय आणि तो खरा कोण आहे. आवाजाने एकदाही श्वास अडकवला नाही. "समजलं. अठ्ठावन्न. समजलं. आता मला पत्ता द्या." "पत्ता नाही. नऊ इमारती आहेत." "कुठल्या?" "मला माहीत नाहीत. कंपनीला माहीत आहेत." "कंपनीचा नंबर द्या, आम्ही यादी घेतो आणि माणसं पाठवतो, पण मॅडम, नऊ इमारती म्हणजे नऊ जिने, नऊ पहारेकरी. वेळ लागेल. ओळखीचं कुणी आहे का त्या भागात, जे पायी जाऊन बघू शकेल?" ओळखीचं कुणी. या शहरात सहा वर्षं राहून तिला मध्यवस्तीतला एकही माणूस नावाने माहीत नव्हता. सगळ्यांशी हात हलवून बोलणारं, रस्ता ओलांडताना हसणारं शहर, आणि एकही दार असं नाही जे वाजवायला सांगावं. तिने नंबर दिला. आता लॉर्नाला कळणार. अर्ध्या तासात कंपनीत सगळ्यांना कळणार, आणि तो कधीच 'नुसता एमेट' राहणार नाही. आणि हे त्याला कळेल तेव्हा तो तिच्याकडे कसा बघेल, ते तिला आत्ताच दिसलं. बघू दे, तिला वाटलं. बघू तर दे.

मोबाइलवर मध्यवस्तीत राहणाऱ्या, काम करणाऱ्या लोकांचा एक गट होता. ओपलच्या पाळणाघरासाठी तिने कधीतरी त्यात नाव घातलं होतं. हरवलेली मांजरं, पार्किंगची भांडणं, कुठल्या इमारतीचा अलार्म थांबेना. चार हजार माणसं, एकही चेहरा नाही. गेल्या दहा मिनिटांत कुणीतरी लिहिलं होतं, आमची लिफ्ट परत बंद, सातव्या मजल्यावर कॉफी घेऊन चढायचं म्हणजे शिक्षा आहे. खाली दुसऱ्याचं, आमचीही. खाली तिसऱ्याचं हसणारं तोंड. डेलियाने ओपलला कडेवर घेतलं आणि एका हाताने लिहायला सुरुवात केली. औषधाचं वाक्य लिहिलं आणि खोडलं. ते ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालं होतं. बाकीचं तसंच ठेवलं, चुका न सुधारता.

हे वाचणाऱ्या कुणालाही: माझा नवरा लिफ्टचा मेकॅनिक आहे, एमेट, लाल दाढी, निळा कोट, वय एकतीस. तो आत्ता तुमच्यापैकी कुणाच्या तरी इमारतीत आहे आणि कुठल्या ते मला माहीत नाही. तुमची लिफ्ट बंद असेल, समोर पिवळा कठडा लावलेला असेल, तर आज चिडू नका. जिना चढा. अगदी वरच्या मजल्यावर एक लोखंडी दार असतं, मशीनखोलीचं, ते जोरात वाजवा, पहारेकरी नको म्हणाला तरी वाजवा, आणि दार उघडलं नाही तर त्याला किल्ली आणायला लावा. तो 'मी ठीक आहे' म्हणेल. तो तसंच म्हणतो, हसवतोही. त्याचं ऐकू नका. त्याला दोन्ही हात डोक्यावर उचलायला सांगा आणि डावा खाली येतो का बघा. तोंड भरून हसायला सांगा, हसू दोन्हीकडे सारखं आहे का बघा. त्याला त्याच्या मुलीचं नाव विचारा, ओपल आहे ते, आणि त्याला ते नीट म्हणता आलं नाही तर त्याला खाली बसवा, नऊशे अकराला फोन करा, त्यांना सगळं माहीत आहे. आणि म्हणता आलं तरी त्याला एकट्याला जिना उतरू देऊ नका. हे वाचताय ना? मग वाचणं थांबवा आणि बाहेर जाऊन बघा, तुमची लिफ्ट चालू आहे का.